'तत्रैव' म्हणजे नेमके कुठे?

"कविता ही आस्वादाची गोष्ट, तिला पृष्ठक्रमांकांच्या दाव्याला कशाला बांधता?" मराठी विभागांच्या स्टाफरूममधून हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे की विचारणाऱ्याला आता उत्तराची अपेक्षाही नसते. मला मात्र उत्तर द्यायचे आहे. दोन कवितांवरील चार पानी तुलनात्मक निबंधातही संदर्भ नेमका नसेल, तर त्यातला आस्वाद बहुधा उसना असतो, असे माझे मत आहे.

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. तुकोबांच्या एका अभंगाचा क्रमांक मी एम.ए.च्या वर्गात कित्येक वर्षे सांगत आलो. तो मला माझ्या विद्यार्थिदशेतील टिपणवहीत मिळाला होता. एका विद्यार्थिनीने ग्रंथालयात गाथा उघडली, तर त्या क्रमांकावर भलताच अभंग निघाला. "सर, कोणती गाथा?" एवढेच तिने विचारले. मला सांगता आले नाही. १८६९ व १८७३ साली दोन भागांत निघालेली इंदुप्रकाश प्रत, जोगमहाराजांची प्रत, १९५० ची शासकीय प्रत ही नावे मला मुखोद्गत होती. प्रतीप्रतींत क्रम आणि पाठ बदलतात, हेही मी शिकवत होतो. फक्त स्वतःच्या उद्धृतापुरते ते ज्ञान लागू करावे असे कधी सुचले नव्हते.

आता तुलनेकडे वळू. बहिणाबाई चौधरी आणि इंदिरा संत ही जोडी परीक्षकांच्या आवडीची. उत्तरपत्रिकांत काय येते? आधी दोघींची चरित्रे, मग साम्य, मग भेद. दोघींनाही वैधव्य आले, दोघींनीही दुःख पचवले. एकीची भाषा बोली, दुसरीची प्रमाण. यातले एकही वाक्य लिहिण्यासाठी कविता वाचावी लागत नाही. गाईड पुरते.

याच निबंधाला संदर्भाची अट घालून पाहा. 'शेला' १९५१ चा, 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ चे. तळटिपेत ही वर्षे शेजारी बसली की विद्यार्थी चटकन लिहून जातो : "दोघी समकालीन." इथेच संदर्भ त्याला अडवतो. बहिणाबाईंचा जन्म १८८० चा, इंदिराबाईंचा १९१४ चा. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये निवर्तल्या आणि संग्रह त्यानंतर आला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात म्हटलेली गाणी सोपानदेवांनी व आप्तांनी उतरून घेतली. म्हणजे १९५२ हे छपाईचे वर्ष झाले, रचनेचे नव्हे. इंदिराबाई शिकलेल्या, अध्यापन करणाऱ्या. त्यांची कविता त्यांच्याच हाताने कागदावर उतरलेली. मग एकीच्या ओळीचा शेवट तिने स्वतः ठरवलेला आणि दुसरीचा ऐकणाऱ्याने, असे तर नाही? छापील विरामचिन्ह कोणाचे? बोलीतला उच्चार लिपीत आणताना काय सुटले असेल? तुलनेचा खरा प्रश्न इथून सुरू होतो, आणि तो पृष्ठ उघडल्याशिवाय सुचत नाही.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप गंभीर आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात पहिल्या आवृत्त्या कुठून आणायच्या? विद्यार्थ्याच्या हाती नेमलेले पाठ्यपुस्तक असते, तेवढेच. आक्षेप मान्य, परंतु उत्तरही सोपे आहे. जे हाती होते तेच सांगावे. कविता पाठ्यपुस्तकात वाचली असेल तर पाठ्यपुस्तकाचा संदर्भ द्यावा. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो संपादित पुस्तकातून ओळ उचलून मूळ संग्रहाचा हवाला देण्यात. पहिली टीपच अशी खोटी असली, की खालच्या साऱ्या 'तत्रैव' तिच्याच खोटेपणाची आवर्तने करीत राहतात.

आणि आम्ही प्राध्यापक तरी कोणता आदर्श ठेवतो? पदोन्नतीच्या गुणांसाठी लिहिलेल्या शोधनिबंधांना न चाळलेल्या ग्रंथांची सूची जोडायची, आणि विद्यार्थ्याने यंत्राकडून क्षणात अशीच सूची मिळवली, तिच्यात अस्तित्वातच नसलेली पुस्तके निघाली, की नीतीचे प्रवचन झोडायचे. त्याने आमचेच काम वेगाने केले, इतकेच.

माझी मागणी फार मोठी नाही. दोन कविता, एक प्रश्न, चार उद्धृते. आणि प्रत्येक उद्धृताचे पान लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. कवी, कविता, संग्रह, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ एवढे पुरे. स्वल्पविराम कुठे द्यायचा यावर गुण कापू नयेत. ओळ चुकीची उतरवली तर जरूर कापावेत. दुसऱ्याची ओळ जशी आहे तशी, जिथे आहे तिथे दाखवता येणे हा कवीविषयीच्या आदराचा पहिला पुरावा आहे.

ज्यांना हे अमान्य असेल त्यांनी खुशाल खंडन करावे. फक्त प्रत आणि पृष्ठ सांगून करावे.