लाथ झाडणारा शब्द

वाचकहो, धार काढताना गाईने लाथ झाडली, की काय होते ते तुम्हांला सांगायला नको. भांडे उपडे, दूध मातीत आणि आपण मागे कोलमडलेले! आजचा इंग्रजी शब्द असाच गोठ्यात शोभणारा आहे. 'रिकॅल्सिट्रंट', म्हणजे सांगितलेले न ऐकणारा, आडमुठा, हटून बसणारा.

शब्द मूळचा लॅटिन. 'कॅल्क्स' म्हणजे टाच आणि 'रि' म्हणजे मागे. टाच मागे झाडणे म्हणजेच लाथ मारणे. दोन हजार वर्षांपूर्वी होरेस या रोमन कवीने हे क्रियापद चक्क राज्यकर्त्याला लावले. पुढे सम्राट ऑगस्टस म्हणून गाजलेला हा पुरुष नीट चुचकारला नाही, तर घोड्यासारखा लाथ झाडतो, असे त्याने लिहून ठेवले. पुढे फ्रेंच भाषेच्या वाटेने हा शब्द इंग्रजीत आला आणि एकोणिसाव्या शतकात तिथे रुळला.

आता गंमत पाहा. १९७३ साली ई. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने हाच शब्द बियाण्याला लावला. ज्वारी, गहू, हरभरा यांचे बी वाळवून कोरडे ठेवले, की पुढच्या पेरणीपर्यंत बिनघोर टिकते. पण आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाचे बी यांना वाळवणे मानवत नाही. फार सुकले, की आतला जीवच जातो. म्हणून ही बियाणी 'रिकॅल्सिट्रंट', साठवणीला दाद न देणारी!

पण खरे सांगा, यात कोयीचा हट्ट कुठे आहे? तिला ओल लागते, एवढेच. चांगल्या आंब्याची कोय पुढच्या वर्षी लावू म्हणून माळ्यावर टाकली, तर वर्षाने हाती नुसते लाकूड येईल. आंबा खाल्ला, की कोय धुऊन त्याच पावसाळ्यात ताजी लावा.

गाईचेही तसेच. लाथ बसली, की लगेच काठी उचलू नका. आधी सड चिरलेत का, कास सुजून गरम लागते का, ते पाहा. कासेच्या दुखण्यात एक दिवसाची दिरंगाईही सड निकामी करू शकते. तशी शंका आली, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि घरातले एखादे पोर सारखे उलटून बोलत असेल, तर त्यालाही हा शब्द चिकटवण्याआधी जवळ बसवून विचारा, "बाळा, दुखतंय कुठं?"