पाच लाखांच्या वर पैसे आले तर?

दुबई, कुवेत, सौदीहून येणाऱ्या कमाईवर कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी घरे उभी आहेत. महिन्याचा खर्च येतो तोवर कुणाला काही वाटत नाही. पण घराच्या स्लॅबसाठी किंवा मुलीच्या निकाहासाठी सहा-सात लाख एकदम यायचे असले की पालकसभेला आलेल्या आया हळूच विचारतात, "मॅडम, पाच लाखांच्या वर गेलं की बँक वर कळवते म्हणतात. इन्कम टॅक्सवाले घरी येतील का?"

बँक कळवते हे खरे आहे. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा. त्याच्या नियमांनुसार ५ लाख रुपयांहून मोठी रक्कम परदेशातून आली किंवा परदेशी गेली, तर बँक तिची माहिती दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पाठवते. हा नियम सर्वांना सारखाच आहे. माहिती कळवली म्हणजे आरोप झाला किंवा कर लागला, असे नाही.

कराचा हिशेब वेगळा. नवरा, आई-वडील, मुलगा, सख्खा भाऊ यांनी भेट म्हणून पाठवलेली रक्कम कितीही मोठी असली तरी घेणाऱ्याला तिच्यावर कर नाही. मित्र किंवा चुलतभाऊ मात्र या यादीत नाहीत; त्यांच्याकडून वर्षात ५० हजारांहून अधिक भेट आली तर ती करपात्र ठरते. लग्नात वधूवरांना मिळालेल्या भेटींना यातून सूट आहे.

खरा धोका भीतीपोटी केलेल्या गोष्टींत आहे. काही जण साडेचार-साडेचार लाखांचे तुकडे पाडतात. पण संशयास्पद व्यवहार कळवायला किमान रकमेची अटच नाही, आणि असा अहवाल गेल्याचे बँक आपल्याला सांगतही नाही. सरळ व्यवहार आपणच संशयाचा करून ठेवतो.

दुसरी वाट हवाल्याची. ती फेमा कायद्याविरुद्ध असून रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय मधल्या माणसाने हात वर केले, तर दाद कुठे मागणार? वाळवंटातल्या उन्हात कमावलेला पैसा असा कागदाविना सोडू नये.

म्हणून पैसे बँकेतूनच मागवा. पाठवण्याचे कारण खरे तेच लिहा. पैसे आल्याचा बँकेचा दाखला, पाठवणाऱ्याची पगाराची स्लिप आणि बांधकामाची बिले एका फाईलमध्ये ठेवा. "तुमच्या खात्यावर माझे पैसे येऊ द्या," असे कुणी म्हटले, तर जवळचा असला तरी नाही म्हणा. त्या पैशाचा जाब खातेदारालाच द्यावा लागतो.

बँकेने विचारलेच, तर ती फाईल पुढे करायची. घाम गाळून मिळवलेल्या पैशाला लपण्याची गरज नाही.