पंचनाम्यापूर्वी

वऱ्हाडातल्या एखाद्या घरचा कर्ता पुरुष कपाशी बुडाल्यावर जीव देतो, तेव्हा तलाठी येतो, पंचनामा होतो, कागद तहसील कचेरीत जातात आणि सानुग्रह मदतीचे प्रकरण पात्र की अपात्र याचा निवाडा होतो. परंतु त्याच घरात खांबाला टेकून हे सारे निमूटपणे पाहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनाची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही. प्रतिबंधाचे कार्य त्या मुलापासून, किंबहुना ही वेळ येण्याच्या कितीतरी आधी, आरंभिले पाहिजे, असे माझे नम्र परंतु ठाम मत आहे.

ही कल्पना या भूमीला परकी नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 साली ज्या कार्याची मुहूर्तमेढ रोवली, त्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 मध्ये ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आले, हा पराक्रम आपण अभिमानाने सांगतो. तथापि आखाड्याचे मोल मला पदकांहून निराळ्या गोष्टीत दिसते, ती ही की तिथे दोन दिवस न आलेल्या पोराची चौकशी तिसऱ्या दिवशी होते. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली गुरुकुंज उभारून सामुदायिक प्रार्थनेची जी प्रथा गावोगाव नेली, तिनेही सायंकाळी लहानथोरांना एका सतरंजीवर आणले.

अशा विचारपुशीचा परिणाम आकड्यांतही दिसला आहे. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पाने गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने काम केले, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. तो प्रकल्प प्रौढांपुरता होता. पण घरी येऊन आपुलकीने विचारपूस करणाऱ्या ओळखीच्या माणसापाशी मन मोकळे होते, हे त्याने दाखवून दिले, आणि मुलांच्या बाबतीत ते खोटे ठरेल असे मानण्यास मला कोणतेही कारण दिसत नाही.

म्हणून अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्हा परिषदांना माझी विनंती आहे की, सायंकाळी कुलूपबंद पडणारी शाळेची इमारत व मैदान गावातल्या मुलामुलींसाठी खुले ठेवावे, तिथे कबड्डी, वाचन, भजन यांपैकी जे रुचेल ते चालू द्यावे, आणि कोण येत नाही याकडे लक्ष ठेवणारी एक जाणती व्यक्ती माफक मानधनावर नेमावी. मुलींची वेळ व सोय निराळी पाहावी लागेल, तीही पाहावी. पेरणीसाठी कर्ज काढले जाते त्याच दिवसांत घरातली चिंता मुलांच्या कानी पडू लागते, याकरिता ही तजवीज येत्या मृगापूर्वी व्हावी.