झ्यूसची कथा कोणत्या पुस्तकातून वाचावी?

शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तके भेट देऊ इच्छिणारे माजी विद्यार्थी अलीकडे ग्रीक आणि रोमन पुराणकथांच्या पुस्तकांविषयी विचारणा करतात. त्यांच्या मुलांनी रिक रायर्डनची पर्सी जॅक्सन मालिका वाचलेली असते. त्याच वेळी काही पालकांचा आक्षेपही कानी येतो. १९५६ साली आपण देवदेवतांच्या कथांचे जोखड उतरवून ठेवले. आता परक्या देवांच्या कथा मुलांच्या हाती कशासाठी द्यावयाच्या? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पुराणकथा श्रद्धेने वाचणे वेगळे आणि इतिहासाचे साधन म्हणून वाचणे वेगळे. हे दुसरे वाचन शिकविण्यास ग्रीक कथांइतके सोयीचे साहित्य मला दुसरे दिसत नाही. झ्यूसची चिकित्सा केल्याने आपल्या गावात कोणाच्या भावना दुखावत नाहीत. (ही सोय केवढी मोठी आहे, हे इतिहास शिकविणाराच जाणे.) शिवाय ही चिकित्सा ग्रीकांनी स्वतःच आरंभिली होती. इ. स. पूर्व सहाव्या शतकातील झेनोफनीसने दाखवून दिले की, इथिओपियनांचे देव त्यांच्यासारखेच काळे व चपट्या नाकाचे, तर थ्रेसियनांचे निळ्या डोळ्यांचे आणि तांबूस केसांचे असतात.

मात्र ही दृष्टी येणे न येणे बरेचसे पुस्तकावर अवलंबून असते. ते पारखण्यासाठी मी दोन प्रसंग शोधतो. पहिला ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गातला. थर्सायटिस नावाचा सैनिक भर सभेत अगामेम्नॉन राजाला विचारतो की, तुझे तंबू लुटीच्या काशाने आणि स्त्रियांनी भरले असताना आम्ही आणखी कशासाठी लढावे? ओडिसियस त्याच्या पाठीवर राजदंड हाणतो. थर्सायटिस रडतो, सैन्य हसते. होमरने या माणसाला लंगडा, कुबडा आणि विरळ केसांचा रंगविले आहे. त्याच्या बापाचे वा गावाचे नावही दिलेले नाही. वीरांच्या मात्र पिढ्या सांगितल्या आहेत. राजाला खरे बोलणारा कुरूपच का असावा, हा प्रश्न नववीतली मुलगीही विचारू शकते. पण त्यासाठी प्रसंग पुस्तकात असावा लागतो. अनेक संक्षिप्त आवृत्त्यांतून तो गळून पडतो.

दुसरा प्रसंग ‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गातला. ओडिसियस घरी परतून पत्नीच्या याचकांना ठार करतो. त्यानंतर घरातल्या पन्नास दासींपैकी बारा जणींकडून ती रक्ताळलेली ओसरी धुऊन घेतली जाते आणि त्याचा मुलगा त्या बाराही जणींना फासावर लटकावतो. त्यांचा अपराध याचकांशी संबंध ठेवल्याचा; गुलाम स्त्रीला नकार देण्याची कितपत मुभा होती, हे कोणी विचारत नाही. बऱ्याच इंग्रजी अनुवादांत या स्त्रिया ‘मोलकरणी’ होतात. एमिली विल्सन यांच्या २०१७ च्या अनुवादात त्या गुलाम आहेत, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच आहे. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी ही एक प्रत अवश्य घ्यावी.

पहिल्या ओळखीसाठी मात्र एवढे मोठे काव्य उपयोगाचे नाही. लहान मुलांना दोलेर दांपत्याचे १९६२ चे चित्रमय पुस्तक द्यावे. चित्रे पाहत पाहत मुले नावे शिकतात. मराठी माध्यमातल्या मुलाला कथा आधी आपल्या भाषेत सांगावी आणि मग इंग्रजी पुस्तक हाती द्यावे. आठवीनंतर एडिथ हॅमिल्टन यांचे १९४२ चे ‘मिथॉलॉजी’ मी सर्वांपुढे ठेवतो. कथेच्या आरंभी ती कोणत्या प्राचीन लेखकाकडून घेतली, हे त्या सांगतात. ही शिस्त मोलाची आहे. मेड्यूसाचे उदाहरण घ्या. देवाने मंदिरात तिच्यावर बलात्कार केला आणि शिक्षा म्हणून तिच्याच केसांचे साप झाले, हे रोमन कवी ओव्हिड सांगतो. त्याच्याही कित्येक शतके आधीच्या हेसिअडमध्ये ना मंदिर आहे, ना शिक्षा. कथेला कर्ता असतो आणि काळ असतो, हे मुलाला येथे प्रथम उमगते. हॅमिल्टन यांच्या प्रस्तावनेत ग्रीकांचे गुणगान आणि इजिप्तच्या देवांची हेटाळणी आहे. ती पाने शिक्षकाने सोबत बसून वाचावीत.

स्टीफन फ्राय यांचे ‘मिथॉस’ (२०१७) मिस्कील आहे, न वाचणाऱ्या मुलालाही ते ओढून घेते. १८५५ चे बुलफिंच स्वस्तात मिळते म्हणून भेटीदाखल वारंवार येते. त्यात देवांची नावे लॅटिन आहेत आणि अभिरुचीला खटकणाऱ्या कथा लेखकाने जाणूनबुजून गाळल्या आहेत. एक प्रत पुरे. रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांचे दोन खंड (१९५५) कथांसाठी उत्तम, परंतु त्यांच्या टीपांतील सिद्धान्त अभ्यासक फारसे मानत नाहीत. ते शिक्षकांच्या कपाटात असावेत.

रोमची ओळख बहुधा ‘झ्यूस म्हणजे ज्युपिटर’ अशा तक्त्यावर आटोपते. त्याऐवजी लिव्हीच्या इतिहासाचा पहिला भाग अनुवादातून वाचावा. नवे नगर वसविताना रोम्युलसने आश्रयस्थान उघडले आणि गुलाम की स्वतंत्र असा भेद न करता पळून आलेल्यांना आत घेतले, असे तो लिहितो. लगेच पुढे याच नगराने शेजारच्या सबाइन स्त्रिया पळवून आणल्याची कथा येते. दोन्ही एकाच दिवशी शिकवाव्यात.

भेट देणाऱ्यांना एक विनंती आहे. या पुस्तकांसोबत गांधार शिल्पांच्या छायाचित्रांचा एखादा ग्रंथही पाठवा. तेथे बुद्धाशेजारी उभा असलेला वज्रपाणी काही शिल्पांत सिंहाचे कातडे पांघरून येतो. ते कातडे हेराक्लीसचे आहे, आणि ‘मिथॉलॉजी’ वाचलेला मुलगा ते कोणी न सांगता ओळखतो.