बटाटा बंद? आधी कढईत डोकावूया

मधुमेहाचं निदान सांगितलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "डॉक्टर, आता बटाटा बंद ना?" पूर्वी मीही "हो" म्हणून मोकळा व्हायचो. मग एका काकूंची साखर काही केल्या उतरेना. बटाट्याची भाजी त्यांनी खरंच सोडली होती, पण आठवड्यातून दोन उपवास आणि प्रत्येक उपवासाला बटाट्याचा कीस! "ते उपवासाचं हो," त्या म्हणाल्या. चूक माझी होती, मी विचारलंच नव्हतं. आता मी उलट विचारतो, "सकाळी बटाटा कसा करता?"

एका मध्यम, म्हणजे साधारण १५० ग्रॅमच्या बटाट्यात सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकं आणि १३० कॅलरी असतात. मोठा चमचाभर तेलातही जवळपास १२० कॅलरी असतात. म्हणून पद्धत महत्त्वाची.

काचऱ्या: पातळ चकत्या तेल भरपूर पितात. शिवाय १२० अंशांच्या वर बटाटा तांबूस होताना अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. माणसांत त्याचा धोका ठामपणे सिद्ध झालेला नाही, तरी सोनेरी रंगावर गॅस बंद करावा. काळपट कडा खाऊ नयेत.

कीस: स्वित्झर्लंडच्या बर्न भागातले शेतकरी न्याहारीला असाच किसलेला बटाटा, 'रोश्टी', खात आणि शेतात राबायला जात. आपण कीस खाऊन खुर्चीत बसतो. त्यात सोबतीला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे पिष्टावर पिष्ट. कीस हवा तर खिचडी नको. तूप बेताचं घालून झाकणाखाली वाफ काढा.

उकडलेल्या बटाट्याची भाजी: माझी पसंती हिला. फोडणीपुरतं तेल पुरतं. रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यातलं थोडं पिष्ट सहज न पचणारं बनतं, त्यामुळे साखर किंचित हळू चढते. फायदा छोटा आहे, दुप्पट खाण्याचा परवाना नव्हे! आणि ही भाजी पुरीबरोबर खाल्लीत तर सगळं मुसळ केरात.

माझं मत स्पष्ट आहे: नुसतं 'बंद' सांगितलं की माणसं लपून खातात आणि आम्ही गोळ्या वाढवत बसतो. त्यापेक्षा अर्धी वाटी बटाटा खा, तेवढ्यासाठी एक पोळी कमी करा, जोडीला अंडं, दही किंवा मोड आलेली उसळ घ्या. पहिल्या घासानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर तपासा. तुमच्या शरीराला काय झेपतं, ते तुम्हालाच दिसेल.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र बटाट्यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं. तिथे स्वतःचे प्रयोग नकोत, आपल्या डॉक्टरांना विचारूनच खा.

आणि हो, उपवासाला काय खाता तेही आम्हाला सांगत जा. शरीराला एकादशी कळत नाही.