पिशवीतले कागद आणि न विचारलेला प्रश्न

हिंगणघाटकडचा पेशंट ओपीडीत येतो, खुर्चीला धरून दम खातो आणि बोलण्याआधी पिशवी टेबलावर रिकामी करतो. तीन एक्स-रे, पिना मारलेल्या चिठ्ठ्या, संपलेला इनहेलर, सहा महिने घेतलेल्या टीबीच्या गोळ्यांचे कार्ड. एका कागदावर दमा, दुसऱ्यावर ब्राँकायटिस, तिसऱ्यावर जुना टीबी, चौथ्यावर सीओपीडी आणि पुढे प्रश्नचिन्ह. "डॉक्टरसाहेब, मले नेमकं झालं काय?" सात वर्षांत त्याला कोणी धड सांगितलेले नाही. आणि हा माणूस पोटासाठी काय करतो, याची नोंद त्यातल्या एकाही कागदावर नाही.

तो जिनात, म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्यात, कामाला जातो. कापूस निघाला की रेच्यांवर कापूस टाकायचा, सरकी ओढायची, रुईच्या उडत्या तुसात पाळी काढायची. ज्या जिल्ह्यातल्या याच गावाचे नाव इंग्रजांच्या काळात कापसाच्या एका जातीलाच पडले होते, त्या जिल्ह्यात धाप लागणाऱ्या माणसाला कामधंदा न विचारणे हा साधा विसर नव्हे, चूक आहे.

कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस एक्स-रेवर स्वतःची अशी खूण ठेवत नाही. तो कळतो विचारण्यातून. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत सैल पडते; वर्षे गेली की रोजच आवळलेली राहते. आमच्या पेशंटला विचारले तेव्हा तो लगेच म्हणाला, "सुट्टीनंतरचा पयला दिवस लय जड जाते." हे त्याला केव्हापासून ठाऊक होते.

तरीही त्याला बिसिनोसिसच आहे, असे आम्ही लिहिले नाही. तो बिडी ओढत होता. टीबीचे व्रण असतील तर त्यांनीही श्वासनलिका अरुंद होतात. घरात पऱ्हाट्यांवर चूल पेटते, आणि तो धूर त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोच्या छातीत अधिक जातो. तिला कोणी तपासले? एका फुप्फुसात दोन-तीन कारणे एकत्र नांदू शकतात. सॅल्ब्युटामॉलचे ४०० मायक्रोग्रॅम देऊन पंधरा मिनिटांनी स्पायरोमेट्री केली आणि FEV1/FVC गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिले, तर अडथळा पक्का झाला. अडथळा कशाने, हे यंत्र सांगत नाही. पाळीच्या आधी आणि नंतर फुंकून घेतले, तर थोडे अधिक कळते.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच आहे की, निदान ठरले नसेल तर तसे लिहा आणि पेशंटला तसे सांगा. दर वेळी नवे नाव दिल्याने त्याला वाटते की आधीचे सगळे डॉक्टर खोटे होते. मग तो इनहेलर सोडतो आणि स्टिरॉइडच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणतो. "अजून नक्की नाही, पण एवढे शोधतो आहोत आणि तोवर हे औषध चालू" हे ऐकून माणूस धीर धरतो, असा आमचा अनुभव आहे.

कामधंद्याच्या नोंदीला कायद्याचेही अंग आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने बिसिनोसिसला व्यवसायजन्य आजारांच्या परिशिष्टात जागा दिली, पण हंगामी कारखाने वगळले आणि त्यांत कापसाचे जिनिंग नावानिशी मोजले. आजार मान्य, आजारी बाहेर! कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही हा आजार होता. मात्र भरपाईचा दावा मांडायचा तर डॉक्टरच्या हातची नोंद लागते: काम कोणते, किती हंगाम, श्वास किती उरला. ती नोंद आपणच केली नाही, तर वकील तरी काय मांडणार?

जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी इथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. संशय असेल तर पेशंटला तिकडे पाठवा, पण सोबत चार ओळींची चिठ्ठी द्या. जुन्या खोकल्याच्या आणि धापेच्या प्रत्येक केसपेपरवर नावाखालीच काम, हंगामांची संख्या आणि चुलीचे इंधन लिहा. खाली फुंकल्याचा आकडा आणि तारीख. दिवाळीच्या सुमारास जिनं सुरू होतील. त्याआधीचा आकडा हाती असला पाहिजे.