टीव्हीवरची चर्चा एकतर्फी वाटली? तक्रार करता येते, पण दिवस मोजके

पिंपरी-चिंचवड : चाकण एमआयडीसीतील सेकंड शिफ्ट सुटते, तेव्हा वृत्तवाहिन्यांवरील रात्रीची चर्चा संपलेली असते. कंपनीच्या बसमध्ये हाती येते ती व्हॉट्सॲपवरची दोन मिनिटांची क्लिप. एका पक्षाचा प्रवक्ता मोकळेपणाने बोलतो, दुसऱ्याला अँकर बोलूच देत नाही. संताप ग्रुपवर निघतो आणि तिथेच विरतो. मात्र, त्यासाठी कायदेशीर मार्ग आहे.

तक्रार कुठे करायची?

केबल टीव्ही नियमांत जून २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तीन पायऱ्या आहेत.

१) वाहिनी : तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क वाहिनीच्या वेबसाइटवर असणे बंधनकारक आहे. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय मिळायला हवा.

२) स्वनियमन संस्था : समाधान न झाल्यास १५ दिवसांत अपील. अनेक मोठ्या वृत्तवाहिन्यांसाठी ही संस्था म्हणजे 'एनबीडीएसए'. निःपक्षपातीपणा व तटस्थता तिच्या आचारसंहितेतच आहे.

३) केंद्र सरकारची देखरेख यंत्रणा : स्वनियमन संस्थेचा निर्णय मान्य नसल्यास.

काय लक्षात ठेवाल?

'एनबीडीएसए'च्या पद्धतीनुसार प्रसारणापासून सात दिवसांत वाहिनीकडे तक्रार करावी लागते. फक्त क्लिप पुरत नाही. कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ आणि नेमका आक्षेप लिहा. 'अँकर विकला गेलाय' ही तक्रार नव्हे. कोणाला किती वेळ मिळाला, कोणता दावा न तपासता पुढे गेला, ही तक्रार.

उपयोग होतो का?

होतो, पण मर्यादित. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका कार्यकर्त्याच्या तक्रारींवरून 'एनबीडीएसए'ने टाइम्स नाऊ नवभारतला एक लाख आणि न्यूज १८ इंडियाला ५० हजार रुपये दंड केला, आज तकला समज दिली. संबंधित व्हिडिओ हटवण्याचे आदेशही दिले. मात्र, तोवर कार्यक्रम होऊन कित्येक महिने उलटले होते. एक लाखाचा दंड परिणामकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्येच सुनावले होते. कार्यक्रमातून मिळणाऱ्या नफ्याच्या प्रमाणात दंड का नसावा, असा न्यायालयाचा प्रश्न होता.

तो प्रश्न आजही रास्त आहे. त्यासोबत साधा बदल हवा : तक्रारीचा पत्ता वेबसाइटच्या तळाशी न ठेवता चर्चा सुरू असतानाच स्क्रीनवर दाखवा. बारा तास घराबाहेर असलेल्या कामगाराकडून सात दिवसांची शिस्त अपेक्षित असेल, तर वाहिनीने एवढे तरी करावे. मत त्यालाही द्यायचे असते.